आईचा व्यवसाय : गृहिणी



बारावीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. त्या दिवशी आई लोकाच्या रानात कापूस वेचत होती. किलोवर. पहाटे भाकरी थापून जायची, दिवस मावळल्यावर यायची आणि पुन्हा चुलीपुढं. वडिलांच्या रकान्यात मात्र ‘शेतमजूर’. दोघं एकाच रानात जायचे!

एम.ए.ला स्त्री अभ्यास घेतला तो आवडीनं नव्हे, हे आधीच सांगतो. दुसरीकडं नंबर लागला नाही. ‘बायकांचा विषय’ म्हणून गावाकडच्या मित्रांनी वर्षभर टिंगल केली. अभ्यासाला बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध होता. वाटलं, हा तर आपलाच पेपर. जयंतीला इतकी भाषणं ठोकलीत, न वाचताही लिहीन. वाचला आणि गप्प झालो. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून. त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, म्हणजे बाईवर पहारा. हे बाबासाहेबांनी वयाच्या पंचविशीत मांडलं होतं. भाषणात मी यातलं एक वाक्य कधी बोललो नव्हतो. पुढं शर्मिला रेगे वाचल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ वाचलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, भेटून लिहिलेलं. आमच्या वस्तीच्या जयंती कमिटीत एकही बाई नव्हती. वर्गणी मात्र घरोघरी त्याच काढून द्यायच्या.

मग ताई आठवली. दहावीला गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. तालुक्याला एकटी कशी जाणार, आई रानात गेल्यावर घरी कोण, असं म्हणून तिची शाळा सुटली. म्हणणाऱ्यांत मीही होतो. घरातला पहिला पदवीधर म्हणून वस्तीनं माझा सत्कार केला, तेव्हा ताई माहेरी आली होती आणि आत चहा गाळत होती.

गेल्या दिवाळीत धीर करून तिला हे सगळं बोललो. ती हसली. म्हणाली, “तुला पुस्तकात सापडलं होय? मला तवाच कळलं होतं. बरं, ते बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो?”

भरलाय फॉर्म. दाजी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.