यमकाच्या चौकटीबाहेर



टेनिसन हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला राजकवी.
त्याचा मित्र हॅलम अकाली गेला.
त्या शोकातून ‘इन मेमोरियम’ हे काव्य लिहिलं गेलं.
ते १८५० साली छापून आलं.

चार-चार ओळींची कडवी.
पहिल्या ओळीचं यमक चौथीशी,
दुसरीचं तिसरीशी.
दुःखसुद्धा मापात बसवलेलं!

मग पहिलं महायुद्ध झालं, आणि ही मापं मोडू लागली.
१९२२ साली कवी एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही कविता आली.
यमक कधी आहे, कधी नाही.
मध्येच पबमधल्या गप्पा.
कामावरून परतलेली टायपिस्ट
डबाबंद जेवण मांडते.

मराठी कवितेला असंच वळण दिलं बा. सी. मर्ढेकरांनी.


तर श्रोतेहो, लक्षात ठेवा.
छंदाची पकड सैल झाली,
आणि रोजचं शहर कवितेत आलं.