एका गाडीचा धंदा आणि विम्याचे कवच

(ग्रामीण अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ग्रामीण उद्योगांचा विचार करताना आपण भांडवल, कच्चा माल, वीज आणि बाजारपेठ यांची चर्चा करतो. या सर्वांना जोडणारे मालवाहू वाहन मात्र आपल्या नजरेतून निसटते. लासलगावच्या बाजार समितीत कांदा आणणारा पिकअप, कोलारच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारा टेम्पो, हिमाचलच्या बागांतून सफरचंदाच्या पेट्या खाली आणणारी गाडी, ही सारी वाहने बहुधा एकेकट्या मालकाची असतात. २००५ मध्ये टाटा एस ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' या नावाने खेडोपाडी ओळखली जाऊ लागली. त्यानंतर अशा एका गाडीवर उभ्या राहिलेल्या व्यवसायांची संख्या झपाट्याने वाढली. या उद्योजकाचे जवळजवळ सर्व भांडवल त्या एका गाडीत गुंतलेले असते आणि तेही बहुधा कर्जाऊ असते.

माझ्या आजोळच्या गावातील एक घटना सांगतो. एक तरुण आसपासच्या वाड्यांवरून दूध गोळा करून तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर पोहोचवीत असे. गाडीच्या विम्याची मुदत महिनाअखेरीस संपली. दुधाचे बिल दहा तारखेला मिळणार होते. तेव्हा विमा भरू, असा त्याचा हिशेब होता. चार तारखेला पहाटेच्या धुक्यात त्याच्या गाडीने एका मोटारसायकलस्वाराला धडक दिली. मोटारसायकलस्वार मरण पावला. त्याच्या मागे पत्नी आणि दोन लहान मुले होती. न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, ती देण्याची जबाबदारी गाडीमालकावर पडली. गाडी गेली, पाठोपाठ दोन एकर जमीन गेली, आणि तरीही त्या विधवेच्या हाती पूर्ण रक्कम आली नाही. केवळ चार दिवसांच्या खंडामुळे दोन कुटुंबे उद्ध्वस्त झाली.

या घटनेत आजच्या विषयाचा गाभा आहे. गाडीचा विमा म्हणजे पोलिसांच्या तपासणीत दाखवायचा कागद, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो लहान उद्योजक आणि रस्त्यावरचा अनोळखी माणूस या दोघांनाही तारणारा करार आहे. हा करार अनेकदा नेमका गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरतो. तो का, हे आपण पाहू.

कायद्याची चौकट

एकाच्या व्यवहाराचा भार त्या व्यवहारात सहभागी नसलेल्या दुसऱ्यावर पडतो, तेव्हा अर्थशास्त्र त्याला बाह्य परिणाम म्हणते. रस्त्यावरील अपघात हे त्याचे ठळक उदाहरण होय. म्हणूनच हा विमा ऐच्छिक ठेवलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९३९ अन्वये तृतीय पक्ष विमा १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ ने ही सक्ती कायम ठेवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विना विमा वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

तृतीय पक्ष म्हणजे विमा कंपनी आणि वाहनमालक या दोघांव्यतिरिक्त ज्याला अपघाताची झळ पोहोचते तो. या सक्तीच्या विम्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी 'स्वतःचे नुकसान' हा भाग जोडलेली सर्वंकष पॉलिसी घ्यावी लागते.

दायित्व किती मोठे असू शकते? भरपाईच्या गणिताची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत निश्चित केली. समजा, मृत व्यक्ती ३२ वर्षांची, स्वयंरोजगार करणारी असून तिचे उत्पन्न दरमहा १२,००० रुपये आहे. पत्नी, दोन मुले आणि आई असे चार जण तिच्यावर अवलंबून आहेत. वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवून २,०१,६००. स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून १,५१,२००. आणि या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने गुणून २४,१९,२०० रुपये. अंत्यसंस्कार, सहजीवनाची हानी इत्यादींची रक्कम आणि व्याज निराळे. ज्याची सारी मालमत्ता म्हणजे पाच-सहा लाखांची गाडी आणि थोडी जमीन, त्याच्यावर हे ओझे येते. ही रक्कम कलम १७४ अन्वये जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते.

जोखमीची वाटणी

१९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. मल्होत्रा समितीच्या शिफारशी आणि १९९९ चा विमा नियामक कायदा यांनंतर हे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मुक्त झाले. तृतीय पक्ष विम्याचे दर मात्र निश्चित राहिले. दर ठरलेला आणि दावे मोठे, अशा स्थितीत मालवाहू वाहनांचा केवळ तृतीय पक्ष विमा देणे कंपन्यांना नकोसे वाटे. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००७ पासून व्यापारी वाहनांच्या या जोखमीचा एक सामाईक निधी स्थापन झाला. तो ३१ मार्च २०१२ रोजी बंद करून नाकारलेल्या जोखमींपुरता दुसरा निधी आणला गेला. तोही २०१६ मध्ये संपला. दरम्यान २०१५ च्या विनियमांनी प्रत्येक कंपनीवर तृतीय पक्ष विम्याचा ठरावीक वाटा उचलण्याचे बंधन घातले होते. २०२४ च्या विनियमांत ग्रामीण दायित्वासाठी ग्रामपंचायत हे एकक मानले आहे. ज्या सेवेत कंपनीला नफ्याची खात्री नसते, तेथे सक्तीबरोबर पुरवठ्याचीही हमी द्यावी लागते, हा या इतिहासाचा धडा आहे.

आता दरांकडे पाहू. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार भाड्याने माल वाहणाऱ्या, तीनचाकी सोडून, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाच्या वाहनाचा तृतीय पक्ष हप्ता १६,०४९ रुपये आहे. १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा हाच हप्ता २,०९४ रुपये आहे. मालवाहू गाडी जास्त फिरते आणि तिच्यामुळे होणारी हानीही मोठी असते, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. भारासह जेमतेम दीड टन भरणारी गावातली छोटी गाडी आणि महामार्गावर धावणारा सात टनांचा ट्रक एकाच गटात मोडतात. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात महानगर आणि इतर भाग असा फरक करण्याची प्रथा आहे. तृतीय पक्ष हप्त्यात ती नाही. लहान गाड्यांसाठी निराळा टप्पा असावा, असे माझे मत आहे.

कवच कोठे फाटते?

विमा असूनही संरक्षण मिळत नाही, अशा प्रसंगांची कारणे बहुधा पुढीलपैकी असतात.

पहिले कारण वापराचे. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीतून भाजीपाला वा किराणा नेला जातो. खासगी मोटारीच्या प्रमाण पॉलिसीत भाड्याने वापरण्यास मनाई असतेच. शिवाय नमुने वगळता व्यापारी मालाची वाहतूकही तिच्या कक्षेबाहेर असते. माल स्वतःचा आहे, हा बचाव तेथे पुरत नाही. ट्रॅक्टरचेही तसेच. शेतीकामासाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर विटा किंवा वाळू भाड्याने वाहू लागला की वाद उभा राहतो. ट्रॉलीचा विमा वेगळा दाखवावा लागतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

दुसरे कारण प्रवाशांचे. आठवडी बाजारहून परतणाऱ्या टेम्पोत गावकरी बसतात. नाही म्हणणे जिवावर येते. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतील मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना संरक्षण दिले. पण फुकट बसविलेल्या इतर प्रवाशांना ते लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. ट्रॅक्टरवर तर चालकाव्यतिरिक्त आसनच नसते.

तिसरे कारण चालकाच्या परवान्याचे. येथे मोठा दिलासा मिळाला आहे. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोच्या आतील परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालविता येते, हा २०१७ चा निर्णय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केला. तत्पूर्वी स्वर्णसिंग खटल्यात (२००४) न्यायालयाने म्हटले होते की, अटीचा भंग मालकाच्या दोषामुळे झाला हे विमा कंपनीने सिद्ध केले पाहिजे. म्हणून चालक नेमताना त्याचा परवाना तपासून त्याची प्रत जपून ठेवणारा मालक अधिक सुरक्षित असतो.

चौथे कारण कागदपत्रांचे. गाडीचे 'पासिंग', म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, वेळेवर न होणे. आवश्यक असूनही परमिट नसणे. किंवा जुनी गाडी नोटरीच्या कागदावर विकत घेऊन नोंदणी पूर्वीच्याच मालकाच्या नावावर ठेवणे. हस्तांतरणानंतर तृतीय पक्षाचे संरक्षण कलम १५७ मुळे चालू राहते. पण नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीला कळविणे अपेक्षित आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी त्याच्या नावावर झाल्याविना टिकत नाही.

अटींचा भंग सिद्ध झाला तरी काही प्रकरणांत न्यायालये 'आधी कंपनीने भरपाई द्यावी, मग मालकाकडून वसूल करावी' असा आदेश देतात. त्यामुळे अपघातग्रस्त कुटुंबाला न्याय मिळतो. उद्योजकाचे ओझे मात्र हलके होत नाही.

हप्ता आणि हंगाम

पाचवे कारण वेळेचे. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याविना कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. मोटार विम्यात मुदत संपल्यानंतर सवलतीचे दिवस नसतात. नव्वद दिवसांत नूतनीकरण केले तर 'नो क्लेम बोनस' टिकतो, यावरून तेवढे दिवस संरक्षणही चालू राहते असा गैरसमज पसरला आहे. माझ्या आजोळच्या त्या तरुणाचीही समजूत तशीच होती.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नव्या खासगी मोटारींसाठी तीन वर्षांचा आणि दुचाकींसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. मालवाहू वाहनांना ही तरतूद लागू नाही. त्यांचा विमा दरवर्षी नव्याने भरावा लागतो. ग्रामीण व्यवसायाचे उत्पन्न हंगामी असते आणि हप्ता मात्र एकरकमी येतो. एक बाब समाधानाची आहे. मालवाहू वाहनांच्या तृतीय पक्ष विम्यावरील वस्तू व सेवा कर २०१९ च्या आरंभी १८ वरून १२ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. त्यानुसार १६,०४९ रुपयांचा हप्ता करासह सुमारे १६,८५० रुपये होतो, म्हणजे महिन्याला साधारण १,४०० रुपये. एवढी रक्कम दरमहा आवर्त ठेवीत टाकली तर वर्षअखेरीची ओढाताण टळते. वाहनकर्ज देणाऱ्या बँका आणि पतसंस्था कर्जाच्या हप्त्यातच ही तजवीज करू शकतात. दूध संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्याकडे माल आणणाऱ्या गाड्यांच्या विम्याच्या तारखांची नोंदवही ठेवू शकतात. याला निधी लागत नाही, शिस्त लागते.

दावा अन्याय्य रीतीने नाकारला गेला तर एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करू शकतात. २०२३ पासून लोकपालांच्या अधिकाराची मर्यादा ५० लाख रुपये आहे. तत्पूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार करणे आवश्यक असते.

समारोप

मित्रहो, विम्याच्या प्रसाराचे मोजमाप करताना आपण हप्त्यांची बेरीज आणि पॉलिसींची संख्या पाहतो. त्या पॉलिसींपैकी किती प्रसंगी उपयोगी पडतील, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तुमच्यापैकी काही जण उद्या तहसीलदार, परिवहन अधिकारी किंवा बँक अधिकारी होतील. तुमच्यासमोर एखादा गाडीमालक विम्याचा कागद घेऊन उभा राहील, तेव्हा त्यावरील तारखेबरोबर ती गाडी प्रत्यक्षात काय वाहते, ती कोण चालवतो आणि ती कोणाच्या नावावर आहे, हेही विचारा. त्या दोन मिनिटांच्या चौकशीत एखाद्याची दोन एकर जमीन वाचेल, आणि एखाद्या अनोळखी विधवेला तिच्या हक्काची रक्कम मिळेल.