आधी ऐका, मग बोला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला "आपली गाणी". मी वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यावर बोलेन अशी आपली समजूत असणार. त्यांच्या कॅसेटी ऐकतच आम्ही वाढलो. पण आज मला एक चूक कबूल करायची आहे.

गेल्या भीमजयंतीला याच मंचावर आपल्या वस्तीतला एक मुलगा रॅप म्हणायला उभा राहिला. पेटी नाही, ढोलकी नाही, हातवारे करीत भराभर बोलत सुटला. दोन मिनिटं झाली नाहीत तोच मी उठलो आणि त्याच्या हातून माईक काढून घेतला. "बाबासाहेबांच्या जयंतीला हा कसला धिंगाणा?" असं म्हणालो. टाळ्याही पडल्या. पोरगा मान खाली घालून गेला. घरी माझी मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने मोबाईल पुढ्यात ठेवला. म्हणाली, "पप्पा, आधी ऐका, मग बोला."

आता साचे खात्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा माझे कान निम्मेच उरलेत. म्हणून तिने गाण्यांचा अर्थ वहीत उतरवून दिला. ती वही आज सोबत आणली आहे.

पहिलं पान चेन्नईचं. तिथे पा. रंजित हे सिनेमा दिग्दर्शक आणि तेन्मा नावाचे संगीतकार यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा संच उभा केला. पहिला कार्यक्रम जानेवारी २०१८ मध्ये झाला. कास्टलेस म्हणजे जात नसलेले. हा शब्द त्यांनी पंडित अयोती दास यांच्या विचारातून घेतला. या अयोती दासांनी १८९८ साली बौद्ध धम्म स्वीकारून मद्रासेत शाक्य बौद्ध संस्था काढली होती. म्हणजे आपल्या नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षं आधी! एवढी पुस्तकं वाचली म्हणून मिरवणारा मी, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका गाण्याच्या पार्टीमुळे कळावं ना!

ते जे गातात त्याला 'गाना' म्हणतात. उत्तर मद्रासच्या कष्टकरी वस्त्यांतला हा प्रकार, मयताच्या घरी रात्रभर म्हणायचा. तिथेच बकिंगहॅम अँड कर्नाटिक ही मोठी कापड गिरणी होती. म्हणजे तेही आपले परळ-लालबागच समजा. त्या गान्याला या मुलांनी गिटार आणि रॅप जोडलं. त्यांचं 'कोटा साँग' जरूर ऐका. आरक्षणावरून ऑफिसात, कॉलेजात टोमणे खाल्लेल्या आपल्या मुलामुलींना अर्थ सांगावा लागणार नाही.

त्याच संचातला अरिवू. मार्च २०२१ मध्ये त्याचं आणि धी या गायिकेचं 'एन्जॉय एन्जामी' आलं, संगीत संतोष नारायणन यांचं. अरिवूची आजी श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यात राबली. तिथून परत आली तर इथे पायाखाली स्वतःची जमीन नाही. जिने माती कसली तिलाच माती नाही, ही त्या गाण्यामागची गोष्ट. वर नाचायला लावणारा ठेका, आणि मध्येच तमिळ बायांचं मयतावरचं रडगाणं येतं, त्याला ते ओप्पारी म्हणतात. मी ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा आमच्या आजीची आठवण झाली, ती दुसऱ्याच्या बांधावरच गेली.

गाणं कोट्यवधी वेळा ऐकलं गेलं. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित संगीत मासिकाने मुखपृष्ठ केलं त्यावर अरिवू नव्हता. रंजित यांनी जाहीर विचारणा केली, लोकही बोलले, तेव्हा कुठे त्याचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. हे वाचलं आणि मला आपला माईक आठवला.

पंजाबात जालंधरची गिन्नी माही आहे. कॉलेजात एकीने तिला जात विचारली, आणि ऐकल्यावर 'हे लोक डेंजर असतात' असं काहीसं म्हणाली. त्यावरून 'डेंजर चमार' हे गाणं झालं. मला त्यातला झगमगाट जरा जास्तच वाटतो, पण मुलीचा आवाज खणखणीत आहे.

आणि लांब कशाला, आपल्या मुंबईतच 'स्वदेशी' नावाचा रॅपवाल्या मुलांचा गट आहे. त्यांनी २०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' काढलं, त्यात आरेच्या पाड्यावरचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर गातात. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली, दोन हजारांवर झाडं गेली. त्याच गटातला तोडफोड नावाने गाणारा धर्मेश परमार २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. गुजरातीत रॅप करायचा.

सगळंच नवं चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. जयंतीला डीजेवर वाजतं त्यात पुष्कळदा बाबासाहेबांचं नाव तेवढं असतं, बाकी छाती फुगवणं. त्याला माझा विरोध होता आणि आहे. पण मी ज्याचा माईक काढला, तो नाक्यावर पाणी का येत नाही यावर बोलत होता, हे मला मुलीने नंतर सांगितलं. मी ऐकलंच नव्हतं.

तो मागे चपलांच्या फळीजवळ उभा आहे, मला दिसतोय. बाळा, चूक माझी होती. तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो.

येत्या रविवारी वंदनेनंतर इथेच ही चार गाणी स्पीकरवर लावू. मुलगी अर्थ वाचून दाखवील. आयाबायांनी जरूर यावं, चहा समितीकडे. पाचवं गाणं त्या मुलाचं, पूर्ण. बिदागीचे पाचशे एक रुपये मी देईन. कान अधू आहेत, म्हणून मी पुढच्या रांगेत बसेन. माईकपासून मात्र लांब.

जय भीम!