तीन द्राक्षं, एक पेला



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत वाईनचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. दारूची भलामण करायला आम्ही उभे नाही. दारूपायी संसार मोडलेल्या मायबहिणी इथं समोर बसल्या आहेत. पण तुर्कस्तानात आम्ही पांढऱ्या वाईनचा एक पेला चाखला आणि तो आवडला, हे लपवायचं कशाला? त्या पेल्यात आम्हाला कोरडवाहू शेतकरी दिसला, म्हणून सांगतो.

ती वाईन तिथल्याच तीन देशी द्राक्षांची. पहिलं एमीर. एमीर म्हणजे आपला अमीर! नाव अमिराचं, पण उगवतं हलक्या रानात. कपाडोकियाचा मुलूख हजार मीटर उंचीवर, जमीन ज्वालामुखीच्या राखेची, पाऊस आपल्याहून कमी, हिवाळ्यात बर्फ. तिथले शेतकरी खडकात खुराडी कोरून कबुतरं पाळत आणि त्यांची विष्ठा वेलींना खत म्हणून घालत. दुसरं नारिन्जे, उत्तरेकडच्या तोकात भागातलं. तिसरं सुलतानिये, बिनबियांचं, मनुक्यांचं. हे तर आपल्या ओळखीचं. नाशिक-सांगलीकडे थॉमसन म्हणतात ते हेच.

नुसतं एमीर प्यालं तर हिरव्या सफरचंदासारखं आंबट, दात शिवशिवतात. नारिन्जेत भरदारपणा आहे, लिंबू-संत्र्याचा वास आहे. सुलतानिये हलकं, सौम्य. तिन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपण कापसात तुरीची ओळ घालतो, तसंच हे. वाईन गार केलेली होती. सोबत चीज आणि द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून शिजवलेले विडे. घाई नाही, गोंधळ नाही. जेवता जेवता एक पेला अर्धा तास पुरला.

आता हिशेबाचं. ही पानं कुठली? त्याच नारिन्जेची! खारवलेल्या पानांना बाजारात मोठी मागणी. पुष्कळदा फळापेक्षा पानाचेच पैसे जास्त होतात. मग शेतकरी पानं खुडतो. पानं फार खुडली की घडात साखर भरत नाही आणि वाईनवाला कुरकुरतो. पण दोष कोणाचा? ज्याला चांगलं द्राक्ष हवं, त्याने पानाहून जास्त भाव द्यावा.

कपाडोकियात वाईन करणारे पुष्कळजण ग्रीक ख्रिस्ती होते. 1923 च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत त्यांना गाव सोडावं लागलं. कसबी हात गेले. तरी एमीर टिकलं, कारण पुढे त्याची वाईन करून विकणारे कारखाने उभे राहिले. 2013 साली सरकारने दारूच्या जाहिराती बंद केल्या, वाईनच्याही. तरी त्या बाटलीवर आजही एमीर, नारिन्जे ही नावं छापलेली असतात. गिऱ्हाईक ती नावं वाचून बाटली उचलतं.

आपल्या नाशिकची पांढरी वाईन बहुतेक सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या फ्रेंच वाणांची. त्यात वावगं काही नाही. पण देशी वाण नुसत्या अभिमानाने जगत नाही. तो जगतो चवीवर, नावावर आणि मिळणाऱ्या दामावर. आपली मालदांडी ज्वारी पोत्यात शिरली की नुसती 'ज्वारी' होते आणि तिचं नाव पुसलं जातं. एमीरचं नाव बाटलीपर्यंत पोचलं. मालदांडीचं नाव गिऱ्हाइकाच्या ताटापर्यंत कसं न्यायचं, त्यावर आता तुम्ही बोला. आम्ही बसतो.