हौशी कारागिराला लागणारा धातु

ज्या घरांत लहानसा लेथ येतो, त्या घरांत पहिल्या महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो : आतां कातावयाचें काय? यंत्र एकदां घेतलें म्हणजे वर्षानुवर्षें पुरतें. धातु मात्र प्रत्येक कामाला नवा लागतो. वाफेचें छोटेखानी इंजिन असो, घड्याळाचीं चाकें असोत, कीं जुन्या शिवणयंत्राचा एखादा मोडका भाग असो, त्यासाठीं हवी असते वीतभर सळी. आणि व्यापारी पुढें करतो पांचसहा मीटरांची सबंध सळी! या अडचणींतून वाट कशी काढावी, हाच आजचा विषय आहे.

प्रथम हिशेब पाहावा. धातु विकला जातो वजनावर, पण कारागिराला लागतें तें आकारमान. गोल पोलादी सळीच्या व्यासाचा मिलिमीटरांत वर्ग करून त्याला १६२ नें भागिलें असतां एक मीटर सळीचें वजन किलोंत मिळतें. २५ मिलिमीटर व्यासाची सळी घेतली तर ६२५ भागिलें १६२, म्हणजे मीटरला सुमारें ३.८६ किलो. तेवढीच अॅल्युमिनियमची सळी सुमारें १.३३ किलो भरते आणि पितळेची सुमारें ४.१७ किलो. यावरून असें दिसेल कीं, अॅल्युमिनियमचा किलोचा भाव पोलादाच्या जवळजवळ तिप्पट असला तरी तेवढ्याच आकाराच्या तुकड्याला खर्च सारखाच येतो. पितळेला ही सवलत नाहीं. ती भावानेंही महाग आणि वजनानेंही जड. हें त्रैराशिक ज्यानें घरींच सोडविलें, तो बाजारांत फसत नाहीं.

स्वस्त धातूचें पहिलें ठिकाण म्हणजे लहान कारखाने. पुण्याजवळ भोसरी, नाशिकास अंबड, कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगर अशा औद्योगिक भागांत रोज सळ्या कापल्या जातात आणि प्रत्येक सळीचें हातभर वा वीतभर टोंक उरतें. कारखानदाराच्या दृष्टीनें तें भंगार होय. हौशी माणसानें भंगारवाल्याहून किलोमागें चार पैसे अधिक देऊं केले, तर उभयतांचा लाभ होतो. जातांना मापें कागदावर लिहून न्यावीं, कामाच्या घाईची वेळ टाळावी, आणि मिळेल तें मुकाट्यानें वजन करून घ्यावें. दोनचार खेपांनंतर तेथील मिस्त्री स्वतःच टोंकें बाजूला काढून ठेवूं लागतो.

या ठिकाणाचा खरा फायदा पैशाचा नव्हेच. तेथें धातूचें नांव ठाऊक असतें. ई. एन. १-ए हें गंधक मिसळलेलें पोलाद सुलभपणें कातलें जातें. नवशिक्यानें तेंच मागावें. ई. एन. ८ मध्यें कार्बन शेंकडा सुमारें ०.४ असतो, आंस व खिळ्या यांना तें चांगलें. नांव कळलें म्हणजे हत्याराचा वेग आणि कापाची खोली ठरवितां येते.

दुसरें ठिकाण भंगारबाजाराचें. मुंबईंत रे रोडजवळचा दारूखाना जुन्या जहाजांच्या लोखंडासाठीं प्रसिद्ध आहे, आणि लहान गांवांतही भंगारवाल्याचें एखादें आवार असतेंच. तेथें मोडक्या प्रिंटरांतील गुळगुळीत पोलादी दांडे, पितळी नळांचे तुकडे, बिडाचीं जड चाकें असा माल दृष्टीस पडतो. परंतु सगळेंच फुकट तें पौष्टिक नसतें. बांधकामाच्या सळईचें वरचें कवच पाण्याच्या फवाऱ्यानें मुद्दाम कठीण केलेलें असतें; तिच्यावर हत्याराची धार जाते. मोटारीच्या कमानीचे पाटेही तसेच टणक. ते तापवून सावकाश निववल्यावांचून कानशीलाही दाद देत नाहींत.

ओळख पटविण्याचे उपाय साधे आहेत. खिशांत चुंबक ठेवावा. साधें पोलाद व बीड त्याला चिकटतात, पितळ, तांबें व अॅल्युमिनियम चिकटत नाहींत, आणि ३०४ जातीचें न गंजणारें पोलादही बहुधा चिकटत नाहीं. मग कोपऱ्यावर कानस चालवून पाहावी. ती घसरली तर तुकडा कठीण आहे असें समजावें. शेवटीं, डोळ्यांवर चष्मा लावून, सहाणेच्या चाकावर पोलाद क्षणभर टेकवावें. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब व पिवळसर, कार्बन जास्त असेल तर फुलबाजीप्रमाणें फुटणाऱ्या, आणि बिडाच्या आंखूड व तांबूस असतात. अॅल्युमिनियम मात्र त्या चाकाला लावूं नये. चाक भरून येतें.

तथापि कांहीं कामांत अंदाज चालत नाहीं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर अनोळखी धातूचा कधींही करूं नये. पितळ दिसायला देखणी, पण गरम पाण्याच्या सहवासांत तिच्यांतील जस्त निघून जातें आणि मागें ठिसूळ, सच्छिद्र तांबें उरतें. बॉयलराला खात्रीच्या दुकानांतून जाडी ठरवून घेतलेलें तांबेंच वापरावें, आणि वाफ धरण्यापूर्वीं कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबानें पाण्याची परीक्षा घ्यावी. येथें वाचविलेले शंभर रुपये घरांतील मुलांच्या डोळ्यांशीं तोलून पाहावेत.

त्याचप्रमाणें जस्ताचा मुलामा असलेला तुकडा तापवूं नये. त्याचा धूर बाधतो. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पाण्यानें तो अधिकच भडकतो. तोंडें बंद असलेलीं नळकांडीं व मोटारींचे धक्काशोषक यांना करवत लावूं नये. ज्यावर तीन पात्यांचें किरणोत्सर्गाचें चिन्ह आहे, अशा वस्तूला तर हातही लावूं नये. दिल्लींतील मायापुरीच्या भंगारबाजारांत २०१० सालीं असेंच एक टाकाऊ उपकरण फोडलें गेलें. त्यांतील कोबाल्ट-६० मुळें अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यु झाला. फोडणाऱ्यांचा दोष एवढाच कीं, हातांत काय आहे हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

म्हणून घरीं आणलेल्या प्रत्येक तुकड्याच्या टोंकाला रंगाचा ठिपका द्यावा, आणि कोणता रंग कोणत्या धातूचा हें भिंतीवर लिहून ठेवावें. कापतांना रंगाचें टोंक शेवटपर्यंत राखावें. ज्याचें नांव कळलें नाहीं तो तुकडा वेगळ्या डब्यांत टाकावा आणि सरावापुरताच वापरावा. ओळखीचा धातु थोडा महाग पडला तरी परवडतो; अनोळखी धातु फुकट मिळाला तरी त्याची किंमत कधीं आणि कोणाला द्यावी लागेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.