ल्युकाची एकोणचाळीस आकडी संख्या



१२७ वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करा आणि येणाऱ्या संख्येतून एक वजा करा. उरते ही ३९ आकडी संख्या: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही.

फ्रान्सच्या मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्येच तसे लिहून ठेवले होते, पण दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, याच्या त्यांच्या यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे घातही होते. १२७ चा निर्वाळा दिला एदुआर ल्युका यांनी, १८७६ साली. ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे रचणारे ल्युका ते हेच. एकेका विषम संख्येने भागून पाहायचे ठरवले, तर सेकंदाला एक भागाकार करूनही विश्वाचे आजवरचे वय अपुरे पडेल. ल्युकांनी त्या वाटेने जायचेच टाळले. भाजक न शोधताही संख्या मूळ असल्याचे सिद्ध करता येते, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचे वाटते.

त्यांच्या रीतीला डेरिक लेमर यांनी पुढे नेटके रूप दिले. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. दोनाचा सातवा घात वजा एक, म्हणजे १२७; ही मूळ आहे का, ते पाहू. सुरुवात ४ पासून. वर्ग करून २ वजा करायचे: १४. पुन्हा तेच: १९४. त्याला १२७ ने भागले की बाकी ६७. पुढे बाकीच न्यायची. ६७ वरून येतात ४२, ४२ वरून १११. आता १११ चा वर्ग १२३२१. दोन गेले, राहिले १२३१९. आणि १२७ गुणिले ९७ म्हणजे बरोबर १२३१९. बाकी शून्य! घात ७ असेल तर पाचव्या पावलाला शून्य आलेच पाहिजे. नाही आले, तर संख्या मूळ नाही.

घात १२७ असेल तर पावले १२५. आकडे अजस्र होतात खरे, पण द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने १२७ एक. त्यामुळे बाकी काढायला भागाकार लागत नाही, बेरजेवर भागते.

पाऊणशे वर्षे, १९५१ पर्यंत, याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. त्या वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ७९ आकडी मूळ संख्या मिळाली, तीही ल्युकांच्याच संख्येच्या वर्गाला १८० ने गुणून एक मिळवल्यावर.

आणखी एक गंमत पाहा. दोनाचा दुसरा घात वजा एक म्हणजे ३. तिसरा घात घेतला तर ७, सातवा घेतला तर १२७, आणि १२७ वा घेतला की आपली ही संख्या. चारही मूळ. मग ही संख्याच घात म्हणून घेतली तर? ती पाचवी संख्या मूळ आहे की नाही, हे आज कुणालाही ठाऊक नाही. ल्युकांची कसोटी तिथे लावायची तर जवळपास या ३९ आकडी संख्येइतकी पावले टाकावी लागतील. शोध घेणाऱ्यांना तिचा एकही भाजक मात्र अजून सापडलेला नाही.