हिरवे दुकान : उतरलेली वस्तू आणि परतीची वस्तू

(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात, आरे कॉलनी येथे दिलेले भाषण)



आपल्या सभागृहाच्या पडवीत एक 'हिरवे दुकान' सुरू करावे, असा ठराव मंडळाच्या तरुण सभासदांनी मांडला आहे. कापडी पिशव्या, पत्रावळी, शिकेकाई-रिठा, काथ्याचे घासणे, सुटे धान्य अशा पर्यावरणपूरक वस्तू तेथे मिळाव्यात, आणि महिन्यातून एकदा वस्तीतील लोकांनी तेथे एकत्र यावे, अशी कल्पना आहे. आज याच विषयावर चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने सांगितले. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. पर्यावरणशास्त्राचे तज्ज्ञ नव्हे. परंतु आवक-जावक जुळते की नाही हे पाहण्याची सवय हाताला लागली आहे. त्याच सवयीने या प्रश्नाकडे पाहणार आहोत.

ठरावावर तीन आक्षेप आले. पहिला असा की, अशा वस्तू महाग असतात. त्या घेणारे लोक आपल्या वस्तीत किती? दुसरा असा की, पाड्यांवरच्या बाया रस्त्याच्या कडेला भाजी विकतात, त्यांच्या पोटावर हे दुकान येईल. तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ उपासकांनी घेतला, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. ते म्हणाले, "आमची पिढी दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालून आणि दुसऱ्याच्या घरचे उरलेले खाऊन वाढली. आता आमच्या नातवंडांना पुन्हा जुने वापरा म्हणून सांगणार काय?"

या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय दुकानाचे कुलूप उघडू नये. ते उत्तर आपण राहतो त्या आरेच्या इतिहासातच सापडते.

१९४९ साली मुंबईतील गोठे शहराबाहेर हलविण्यासाठी ही वसाहत वसविण्यात आली. ३,००० एकरांहून अधिक जागेत सुमारे १६,००० जनावरांची सोय येथे करण्यात आली. या योजनेमागे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची दृष्टी होती; त्यांना १९६३ साली व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथील दूध मुंबईभर 'आरे'च्या केंद्रांवरून विकले जाई. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पहाटे रांग, हातात दुधाचे कार्ड आणि रिकामी काचेची बाटली. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. परत गेलेली बाटली यंत्रावर धुतली जाई, निर्जंतुक होई, तिच्यावर पातळ पत्र्याचे झाकण बसे आणि ती पुन्हा केंद्रावर येई. सकाळी केंद्रावर काम करून त्या पैशांवर कॉलेज शिकलेली मुले-मुलीही पुष्कळ होती. पर्यावरणपूरक हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. तरीही दूध केंद्र हे मुंबईतील खरे हिरवे दुकान होते.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे येऊ. ती बाटली आज एका घरी असे, उद्या दुसऱ्या घरी. काल ती साहेबाच्या बंगल्यात होती की गिरणी कामगाराच्या खोलीत, ब्राह्मणाच्या घरी होती की बौद्धाच्या, हे कोणी विचारले नाही आणि विचारून कळलेही नसते. ज्या समाजात पाणी वरून ओतले जाई आणि कपबशी वेगळी ठेवली जाई, त्याच समाजात लाखो घरांतून एकच बाटली फिरत होती. वापरलेलीच वस्तू, पण तिच्यात कोणाचा अपमान नव्हता.

म्हणून आम्ही असे म्हणू की, उतरलेली वस्तू वेगळी आणि परतीची वस्तू वेगळी. उतरलेली वस्तू वरून खाली येते. देणारा कायम देणारा राहतो आणि घेणारा कायम घेणारा. परतीची वस्तू फिरते. आज घेणारा उद्या देणारा होतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाकून स्वच्छ, नीटनेटके राहण्याचा उपदेश केला. तो उपदेश लाचारीची खूण पुसण्यासाठी होता. हिरव्या दुकानाने ती खूण पुन्हा आणता कामा नये. दान म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग आपल्या पडवीत नको. तेथे यावे ते सर्वांनी सारख्याच अटीवर न्यावयाचे आणि सर्वांनीच परत करावयाचे.

विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक प्रसंग आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे भिक्षू काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदांनी हिशेब दिला. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्षूंमध्ये वाटू, जुन्या चीवरांचे पलंगपोस करू, जुन्या पलंगपोसांची गादीची खोळ, तिचे पुढे जमिनीवरचे अंथरूण, त्याचे पायपुसणे, मग झाडण्याचे फडके, आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून त्यांनी जमीन सारवू. येथे जुने वस्त्र कोणा खालच्याला दिले जात नाही, संघातच त्याचे काम बदलत जाते. आणि दान काय झाले हे विचारण्याचा हक्क राजाला आहे, तसा हिशेब सांगण्याची तयारी आनंदांची आहे. आमच्या मते दुकानाचे वहीखाते असेच असावे.

आता पहिला आक्षेप, महागाईचा. विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. बाजारात हिरवे पान छापलेली प्रत्येक वस्तू निसर्गाला सोयीची असतेच असे नाही. आपल्या सरकारने १९९१ साली पर्यावरणपूरक मालासाठी 'इकोमार्क' ही खूण सुरू केली, तिचे चिन्ह मातीचे मडके आहे. पण ती खूण आपल्यापैकी किती जणांनी दुकानात पाहिली आहे? उलट ज्याने त्याने स्वतःच छापलेली हिरवी पानेच अधिक दिसतात.

कापडी पिशवीचेच उदाहरण घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, जागतिक तापमानवाढीच्या हिशेबाने एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवी सरस ठरावी असे वाटत असेल, तर ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकविण्यास आणि कापड विणण्यास पाणी, खत, वीज लागते म्हणून हा आकडा एवढा मोठा. समारंभात वाटलेल्या, नाव छापलेल्या नव्या कोऱ्या पिशव्या खुंटीला टांगून ठेवल्या तर त्यात निसर्गाचा तोटाच आहे. त्याउलट आईच्या जुन्या लुगड्याची घरी शिवलेली पिशवी स्वस्त आणि सरस. म्हणजे हिरवेपण वस्तूत थोडे आणि वापरात फार. हे एकदा कळले की महागाईचा आक्षेप बराचसा गळून पडतो.

प्लास्टिकचा धडा तर मुंबईने सोसून घेतला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारे तुंबण्यास पातळ पिशव्यांचाही हातभार लागला म्हणून राज्याने त्यानंतर ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ रोजी एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवण्यात आला. त्याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी किमान ५० पैसे देऊन परत घ्यावी, असेही कलम होते. म्हणजे जे काम काचेची बाटली मुकाट्याने करीत होती, त्यासाठी पुढे कायदा करावा लागला. काच जड, फुटणारी, धुण्यास पाणी खाणारी, हे खरेच. पण ती परत येत होती. पिशवी आली आणि परतीची वाट बंद झाली.

दुसरा आक्षेप पाड्यांवरच्या बहिणींचा. आरेत २७ आदिवासी पाडे आहेत असे सांगितले जाते. वारली, कोकणा, मल्हार कोळी बांधव वसाहतीच्या आधीपासून येथे आहेत. पहिल्या पावसाबरोबर त्यांच्या टोपल्यांत शेवळे येतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. शेवळांत काकडे किंवा आंबट काही घातले नाही तर घसा खाजतो, हे पुस्तकात शोधावे लागते. त्या मावशींना विचारले की भाजी घेता घेता कळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी येथे २,००० हून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ ऑक्टोबरला येईपर्यंत बहुतेक काम उरकले होते. मेट्रो २०२४ साली येथून धावू लागली. तिचा उपयोग आपण सर्वच करतो. पण जंगल टिकले तरच या टोपल्या भरतात, हेही विसरू नये. म्हणून आमची सूचना अशी की, पाड्यावरची बाई जे विकते ते आपल्या दुकानाने विकू नये. तिला पडवीचा ओटा द्यावा, भाडे घेऊ नये, आणि भाव तिने ठरवावा.

आणखी एका बहिणीचा विचार केला पाहिजे. तुमच्या-आमच्या घरातला कचरा निवडून शहराला कागद, काच, पत्रा परत मिळवून देणाऱ्या कचरावेचक स्त्रिया बहुसंख्येने दलित समाजातील आहेत. १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभारणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे घरोघर कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था निघाली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमातून या भगिनींचे संघटन केले. परतीच्या साखळीत सर्वांत अवघड कडी त्यांची आहे. आपण कोरडा कचरा धुऊन, सुकवून दुकानात आणावा, आणि तो विकून येणारा पैसा पूर्णपणे त्यांचा असावा. त्यात मंडळाने एक पैसाही घेऊ नये.

आता दुकानात घडावे काय, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, भांडी. समजा, वर्षाला आपले आठ कार्यक्रम होतात आणि प्रत्येकास २०० माणसे जेवतात. म्हणजे १,६०० ताटे, १,६०० पेले, तेवढेच द्रोण एका वेळेपुरते येतात आणि फेकले जातात. २०० स्टीलची ताटे आणि २०० पेले एकदा घेतले तर ते वर्षानुवर्षे चालतील; वस्तीतील बारसे, लग्न, पुण्यानुमोदन यांनाही अनामत घेऊन देता येतील. यात आणखी एक अर्थ आहे. दक्षिणेकडील अनेक गावांत चहाच्या दुकानांत दलितांना वेगळा पेला देत. बोभाटा झाल्यावर काही ठिकाणी त्यांच्यापुरता फेकण्याचा कप आला. आपल्या पडवीत मात्र सर्वांनी त्याच पेल्यातून पाणी प्यावे आणि तो पेला सर्वांनी आळीपाळीने घासावा. घासण्याचे काम केवळ महिलांकडे जाणार असेल तर ही योजना नकोच.

दुसरे, पुस्तके. एप्रिलअखेर निकाल लागला की क्रमिक पुस्तके जमा करावीत आणि जूनमध्ये द्यावीत. अधिकाऱ्याच्या मुलानेही जमा करावीत आणि त्यानेही येथूनच न्यावीत, तरच ती परतीची पुस्तके होतील.

तिसरे, दुरुस्ती. महिन्याच्या एका रविवारी चपला, छत्र्या, दप्तरे, मिक्सर, पंखे दुरुस्त करणारे आपल्यातलेच कारागीर बसवावेत. त्यांना पुरती मजुरी द्यावी. शेजारी दोन विद्यार्थी शिकायला बसवावेत. ज्या हातांच्या कौशल्याला जातीने हलके ठरविले, त्या हातांजवळ मुलांनी पदवी घेतल्यावरही शिकावयास बसावे.

चौथे, वही. दुकानाच्या वहीला दोन रकाने असावेत, काय गेले आणि काय परत आले. दर महिन्याला ही वही फलकावर लावावी. परत येण्याचा रकाना सहा महिने रिकामा राहिला, तर हे नुसतेच आणखी एक दुकान झाले असे समजून ते बंद करावे, असे ठरावातच लिहावे.

ज्येष्ठांच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हे आहे. नातवंडांनी कोणाचे उतरलेले वापरू नये. त्याबाबतीत ते म्हणतात तेच खरे. पण सर्वांचे म्हणून जे आहे ते वापरावे, जपावे आणि पुढच्याच्या हाती चांगल्या अवस्थेत द्यावे. ठरावावर पुढील सभेत मतदान आहे. हा फरक ध्यानात ठेवून ज्याने त्याने आपले मत द्यावे, एवढीच विनंती.